कौसल्याबाईंचा दारवान

सून मुक्यानं बांगड्या भरते, ही कौसल्याबाई दहिवाळांची तक्रार होती आणि बार्शीच्या कासार गल्लीत ती ऐकायचं कुणी शिल्लक राहिलं नव्हतं.

"बांगडी भरणं म्हणजे पोतं भरणं नव्हे," त्या दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "बाईचा हात हातात आला की आपलं तोंड सुरू झालं पाहिजे. माहेर कुठलं, भाऊ किती, सासू जेवायला घालते का नुसतीच वाढते. बाई हसली की अंगठा सैल पडतो, अंगठा सैल पडला की बांगडी आत. आणि आमची ऋतुजा बघा. तोंडात मूग धरून बसते. गिऱ्हाइकाला वाटतं, रक्त तपासायला आलोय."

आत गादीवर बसलेल्या ऋतुजाला हे सगळं ऐकू जाई. ती मान वर न करता पुढची बांगडी उचले. तेही कौसल्याबाईंना खपत नसे. भांडायला समोरून काहीतरी यावं लागतं.

हे बोलताना त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा गळ्यावर दाबलेला असे. अंगठा काढला की वाक्य तिथंच तुटे.

तीन वर्षांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं. गाठ होती. डॉक्टरांनी ठपका ठेवला चाळीस वर्षांच्या मिसरीवर. कौसल्याबाईंनी ठेवला डॉक्टरांच्या तोंडाळपणावर. स्वरयंत्र गेलं की श्वासनलिकेचं तोंड गळ्याच्या खळगीत उघडं ठेवतात. नाकातोंडाशी श्वासाचा संबंध संपतो. त्या रुपयाएवढ्या भोकातून हवा आत, तिथूनच बाहेर. मग आवाज कुठून येणार? त्यासाठी श्वासनलिका आणि तिच्या मागची अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत एक बारकी एकेरी झडप बसवतात. बाहेरचं भोक बोटानं बंद केलं की सुटणारा श्वास अडतो, झडपेतून अन्ननलिकेत शिरतो आणि तिथलं मांस थरथरतं. त्या थरथरीला जीभ आणि ओठ शब्दांचा आकार देतात. आवाज घोगरा निघतो, पण आपला असतो.

"जीभ शाबूत आहे ना?" शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाटीवर जिभेचं चित्र काढून एवढंच विचारलं होतं. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला लिहिणं जिवावर येई. जीभ शाबूत आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, जणू बाकीचं किरकोळ होतं.

किरकोळ नव्हतं. बांगडी भरायला दोन हात लागतात. एका हातानं गिऱ्हाइकाच्या बोटांचा जुडगा करून अंगठा आत दाबायचा, दुसऱ्यानं बांगडी सरकवायची. बोलायला तिसरा हात कुठून आणायचा?

गेल्या मार्गशीर्षात ते नको तसं कळलं. एका नवरीचा चुडा भरत होत्या. हिरवी बांगडी बरोबर अंगठ्याच्या सांध्यावर होती. कासाराच्या घरात पोरीला चालायच्या आधी शिकवतात की बांगडी सांध्यावर असताना हात सोडायचा नाही, घराला आग लागली तरी. पण तेवढ्यात नवरीची मावशी म्हणाली, "काकू, या वेळी काच पातळ दिसते हो."

दहिवाळांच्या काचेला आजवर कुणी पातळ म्हटलं नव्हतं. अंगठा आपोआप गळ्यावर गेला. उत्तर चोख झालं, मावशी गप्प झाली, सांध्यावरची बांगडी पिचली आणि नवरीच्या हाताखालच्या पांढऱ्या टॉवेलावर रक्ताचे तीन थेंब पडले.

त्या संध्याकाळी कौसल्याबाई गादीवरून उठल्या, त्या परत बसल्या नाहीत. सून बसली. सून लातूरची, मशीन दुरुस्तीचा डिप्लोमा झालेली, कासारांच्याच घरातली पण लग्नाला दहा वर्षं झाली तरी गादीवर न बसलेली. मुलगा महेश काच आणायला निम्मा महिना फिरोजाबादच्या वाटेवर. दुसरं होतं कोण?

फाल्गुनात जगदाळ्यांच्या वाड्यावरून निरोप आला. थोरल्या जगदाळीणबाईंची नात ओवी, तिचं वैशाखात लग्न. जगदाळीणबाईंचा चुडा कौसल्याबाईंच्या सासूनं भरला होता, त्यांच्या सुनेचा कौसल्याबाईंनी. निरोप असा होता: "चुडा कौसाच भरेल. ती नसेल जमवणार तर चौकातल्या मशीनवरून छापून आणू."

चौकात गेल्या वर्षी ते मशीन आलं होतं. त्यात हात घातला की उजेडानं माप घेई आणि दहा मिनिटांत न फुटणाऱ्या बांगड्या छापून देई. बांगडीला सांधा असे, कडकन उघडायची, कडकन मिटायची. हात दाबायला नको, बोलायला नको. पोरी रांग लावून उभ्या राहत.

"दारं बसवतात मेले बांगडीला," कौसल्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऋतुजानं त्यांच्यासमोर फोन धरला. "आई, सोलापूरच्या दवाखान्यात नवीन झडप आलीय. बोट न लावता बोलायची. चाचणीसाठी माणसं हवीत. मी तुमचं नाव दिलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

एवढं लांब वाक्य सून पहिल्यांदाच बोलली होती. कौसल्याबाईंनी लुगडं बदललं.

दवाखान्यात वाचा शिकवणाऱ्या शिंत्रेबाई होत्या, पस्तिशीच्या, बारीक चणीच्या. त्यांनी हसून सुरुवात केली, "या आजी."

"आजी कुणाची गं? दवाखान्यात पाय ठेवला की माणूस आजी होतं का?"

"बरं, काकू. बिनहाताच्या झडपा तुमच्यासाठी नव्या नाहीत ना?"

नव्या नव्हत्या. जुनी एक वापरून झाली होती. तिच्यात पातळ पडदा होता. जोरानं श्वास सोडला की तो मिटायचा. पण प्रत्येक वाक्याला फुंकणीसारखा जोर लावावा लागे, खोकला आला की सगळं उडून जाई, आणि बार्शीच्या उन्हात घामानं तिचा चिकटा दोन तासांत सुटे. एकदा ती सुटून गिऱ्हाइकाच्या चहात पडली होती.

"ही वेगळी आहे," शिंत्रेबाईंनी बटणाएवढी चकती हातावर ठेवली. "ही गळ्याच्या भोकावर बसते, बोटाच्या जागी. माणूस शब्द बोलायच्या आधी हनुवटीखालचे स्नायू हलतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत. हनुवटीखाली ही पट्टी चिकटवायची. ती हालचाल टिपते आणि चकतीला सांगते, आता बाई बोलणार. चकती स्वतःहून दार लावते. श्वास घेतलात, खोकलात की दार उघडं. फक्त चाळीस दिवस तिला शिकवावं लागतं. तुमचे शब्द, तुमची सवय. चाळीस दिवसांनी शिकवणी संपते, मग ती जे शिकली ते शिकली."

"म्हणजे दारवान ठेवायचा गळ्यावर."

"तसंच."

"आणि काय शिकवू त्याला?"

"रोज जे बोलता तेच."

ऋतुजा मान खाली घालून हसली, हे कौसल्याबाईंनी पाहिलं.

दारवान हुशार निघाला. पहिल्या आठवड्यात अडखळला, अर्ध्या शब्दावर दार उघडून बसे. दुसऱ्या आठवड्यात भाजीवालीशी घातलेला वाद त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पाडला. कौसल्याबाईंनी तेव्हा दोन्ही हात कमरेवर ठेवले होते. तीन वर्षांत दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या भांडल्या नव्हत्या. भाजीवाली हरली, पण जाताना म्हणाली, "काकू, झाक दिसताय." गल्लीत बातमी पसरली. माणसं उगाच पायरीशी थांबून काहीबाही विचारत, त्यांचे मोकळे हात बघायला. कौसल्याबाई हात हलवून हलवून उत्तरं देत.

एकच खोड होती. दार मिटताना टक असा बारीक आवाज येई, आणि कधी कधी टक वाजून शब्दच येत नसे. श्वास क्षणभर अडे, छातीत धक्का बसे, दार उघडे. शब्द नाही, काही नाही.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा त्या दुकानात मागच्या स्टुलावर होत्या. गादीसमोर पाटलांची सून बसली होती, आठवा महिना, हात सुजलेले. ऋतुजानं डोळे अर्धवट मिटून तिचा हात धरला आणि सव्वादोन मापाच्या बारा बांगड्या एकही वळ न उठवता चढवल्या. कौसल्याबाईंच्या गळ्यात टक झालं.

शाबास. शब्द ओठांपर्यंत आला होता.

तो तिथून मागे का गेला याला कारण होतं. गादीवरच्या हाताचं तोंडावर कौतुक केलं की पुढची बांगडी पिचते, असं त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. सासू तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसली, एकदाही बरं म्हणाली नाही, आणि त्या काळात कौसल्याबाईंच्या हातून सात बांगड्या पिचल्या असतील नसतील. म्हणून त्यांचा विश्वास होता. आणि विश्वास नसता, तरी सवय झाली होती.

टक टक वाढत गेलं. शिंत्रेबाईंच्या पडद्यावर ते सगळं उमटत होतं. तिसाव्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं.

"काकू, काल एका दिवसात एकोणीस वेळा दार मिटलं आणि तुम्ही बोलला नाहीत. माणूस शब्द जिभेवर आणून गिळतो तेव्हाही तेच स्नायू हलतात. दारवानाला वाटतं, बोलणार. तुमचा श्वास विनाकारण अडतो. हे मोडायला पाहिजे."

"मोडा की."

"दोन रस्ते आहेत. एक, ते शब्द बोलून टाकायचे. दुसरा, मी त्याला शिकवते की ही हालचाल म्हणजे बोलणं नव्हे, सोडून दे. मग टक होणार नाही."

"दुसरा बरा."

"थांबा. मग पुढं कधी ते शब्द खरोखर बोलायचे झाले, तरी तो दार लावणार नाही. त्याच्या लेखी ते शब्दच नसतील. तुम्हाला आधीसारखं बोट लावून बोलावं लागेल. हात कामात असले, तर नाहीच." शिंत्रेबाईंनी ऋतुजाकडे वळून सांगितलं, "टक कधी होतं ते आठवडाभर लिहून ठेवा. मग ठरवू."

लिहिणार कोण, तर ऋतुजा. तिनं वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहिली आणि त्या वेळी काय चाललं होतं ते. आठवड्यानंतर, दुपारी दुकानात कुणी नसताना, तिनं ते पान सासूसमोर वाचून दाखवलं.

"शनिवार, अकरा दहा. मी पाटलांच्या नणंदेला बांगड्या भरत होते. अकरा चाळीस. मी जगदाळ्यांच्या चुड्याचे नग निवडत होते. एक वाजता. मी तुमच्या गळ्याची पट्टी बदलली. रविवार..." ती थांबली. "पुढं वाचत नाही. सगळीकडे मीच आहे, आई."

कौसल्याबाईंच्या गळ्यात टक झालं.

"हे बघा, आत्ताही." ऋतुजानं वही मिटली. तिचा आवाज चढला नव्हता, तोच त्रास होता. "माझ्याबद्दल जे बोलायचं ते तुम्ही गल्लीला ऐकू जाईल असं बोलता, ते मी मनावर घेत नाही. पण त्याहूनही वाईट काही असेल, जे गिळावं लागतं, तर ते दिवसातून एकोणीस वेळा... शिंत्रेबाईंना सांगते, दुसरा रस्ता घ्या म्हणून. रविवारी चुडा आहे, सोमवारी चाळीस दिवस भरतात. सोमवारी जाऊन ते शब्द काढून टाकू."

"टाक काढून," कौसल्याबाई म्हणाल्या. शब्द स्वच्छ आला. असल्या शब्दांना दारवान कधी चुकत नसे.

"आणि शिंत्रेबाईंना झडपांच्या कामाला माणूस हवाय. मला विचारलंय त्यांनी. तुम्ही आता गादीवर बसालच. मी सोलापूरला जाईन म्हणते. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी यायचं."

"तुझी मर्जी."

ऋतुजा चहा टाकायला आत गेली. कौसल्याबाई मोकळे हात मांडीवर ठेवून बसल्या. सुनेनं सगळं बरोबर टिपलं होतं, वेळ, जागा, माणूस. फक्त गिळलेलं काय होतं ते तिला उलटं समजलं होतं, आणि उलटं समजायला तिला दहा वर्षं रोज कौसल्याबाईंनीच शिकवलं होतं, दारवानानं नव्हे.

रविवारी जगदाळ्यांच्या सोप्यावर पाट मांडला होता. सोप्यात चाळीस-पन्नास बायका. मधोमध थोरल्या जगदाळीणबाई खुर्चीवर, समोर ओवी पिवळ्या साडीत. कौसल्याबाई पाटावर बसल्या, टोपलीवरचं फडकं काढलं, दोन्ही हातांनी ओवीचा उजवा हात घेतला आणि तोंड सुरू केलं.

"काय गं, हात आहे का क्रिकेटची बॅट? नवऱ्यानं भांडण काढायच्या आधी विचार करावा असा हात आहे. नाव काय त्याचं? घे नाव. उखाणा नको, नुसतं घे. लाजलीस. लाजलेल्या हाताला काही कळत नाही बघ."

दोन बांगड्या आत गेल्या होत्या. ओवीला हसताना समजलंही नाही. बायकांत हशा पिकला. जगदाळीणबाईंनी पदर तोंडाला लावला. कौसल्याबाईंचे दोन्ही हात कामात होते आणि गळ्यातून घोगरा, ठसठशीत आवाज सोप्याच्या टोकापर्यंत पोचत होता. मार्गशीर्षातली ती मावशीही आलेली होती. तिच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "काच बघून घ्या हो बाई. आज मी मोकळी आहे." उजवा हात हिरवागार भरला. त्यांना वाटलं, आपण दहा वर्षांनी तरुण झालो.

मग डावा हात आला.

ओवीचा डावा अंगठा व्हॉलीबॉल खेळताना कधीतरी मोडला होता आणि तसाच जुळला होता. सांधा गाठीसारखा पुढे आलेला, आत वळतच नव्हता. कौसल्याबाईंनी बोलण्याचा वेग वाढवला. ओवी हसत होती, पण अंगठा हसत नव्हता. पहिली बांगडी सांध्यावर जाऊन बसली. आता जोर हवा होता, आणि गळ्याच्या ऑपरेशनपासून डाव्या खांद्यात जोर उरलेला नव्हता. बांगडी पुढे सरकेना. हात सोडायचा नाही. बोलणं तुटलं. मावशी पुढे सरकून बघू लागली.

"आई," बाजूला ऋतुजा येऊन बसली होती. "तुम्ही धरून ठेवा. सोडू नका. मी येते खालून."

तिनं सासूच्या हातांखालून आपले हात सरकवले, बांगडी न हलवता ताबा घेतला, आणि डोळे मिटले. आणि काहीच केलं नाही. सगळ्या बायका बघत राहिल्या. कौसल्याबाईही, इतक्या जवळून पहिल्यांदाच. ऋतुजा कान देऊन होती. ओवीनं श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला. सोडला, आणि तो संपता संपता तळहात क्षणभर निवळला, तेवढ्यात बांगडी पुढे गेली. दुसरी बांगडी. श्वास आत, थांब. श्वास बाहेर, सरक. ओवीची नजर खिडकीबाहेर होती. आपला मोडका अंगठा कुणी दाबतंय हे तिच्या गावीही नव्हतं.

ही रीत दहिवाळांची नव्हती. कुठल्याच कासाराची नव्हती. पोरगी ही कुठं शिकली ते कौसल्याबाईंना त्या क्षणी कळलं. ऑपरेशननंतर दवाखान्यातले एकवीस दिवस ऋतुजा त्यांच्या गळ्यातल्या भोकाशी कान लावून बसायची. नळी साफ करायची तर श्वास सुटतानाच, एरवी जीव घाबरा होई. एकवीस दिवस ती त्यांचा श्वास ऐकत होती. तिथं बोलून चाललं नसतं.

मुक्यानं भरते. म्हणून मुक्यानं भरते.

डावा हात भरत आला. टोपलीत एकच बांगडी उरली, ठरल्यापेक्षा जास्तीची, आशीर्वादाची. ऋतुजानं ती उचलली.

टक.

शांत सोप्यात तो आवाज सगळ्यांनी ऐकला. ऋतुजानं डोळे उघडले. ती सासूकडे पाहत नव्हती, पण तिचा हात थांबला होता. आणखी एक नोंद.

कौसल्याबाईंच्या छातीत श्वास दाराशी येऊन उभा होता. समोर शेवटची बांगडी, तीही आशीर्वादाची, पन्नास बायका, ती मावशी. आत्ता बोललं आणि बांगडी पिचली, तर गावभर होईल. आत्ता नाही बोललं, तर उद्या सोलापुरात एक बाई बटण दाबेल आणि हा श्वास पुन्हा या दाराशी यायचाच नाही.

"शाबास," त्या म्हणाल्या.

आवाज फाटका आला. या शब्दाची दारवानाला ओळख नव्हती. शेवटचं अक्षर त्यानं निम्मं बाहेर सोडलं, निम्मं आत ठेवलं. कौसल्याबाईंनी पुन्हा म्हटलं, "शाबास." या वेळी नीट आलं.

जगदाळीणबाईंनी खुर्चीतून विचारलं, "कुणाला गं, कौसा?"

"माझ्या सुनेला. आणि कासारणीनं भरत्या हाताची तारीफ केली की पुढची बांगडी पिचते म्हणतात, ते मला माहीत आहे. पिचू दे. भर गं ती शेवटची."

ऋतुजाचे डोळे भरून आले होते, त्यामुळे ती ओवीचा श्वास बघू शकत नव्हती. बघायची तिला गरजही नव्हती. तिनं ऐकलं, थांबली, आणि बांगडी मोडक्या सांध्यावरून अशी गेली की काचेला काच लागल्याचा तेवढा किणकिणाट झाला. मावशीनं टॉवेल तपासला. टॉवेल पांढरा होता.

ओवी पाया पडली. आधी कौसल्याबाईंपुढे वाकली, तर त्यांनी तिला खांद्याला धरून ऋतुजाकडे वळवलं. मग लुगडं सावरत उठल्या, पाटावरून बाजूला झाल्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आता ऐक, ऋतुजा, उद्या सोलापूरला जाऊन सांग, झडपांच्या कामाला माणूस मिळणार नाही. आणि दारवानातला एक शब्दही काढायचा नाही; ते एकोणीसच्या एकोणीस मला लागणार आहेत, तू मोजत बस. गादी तुझी. बांगड्या तू मुक्यानंच भर. बोलायला मी आहे."